बाजार चालू होता, बाबा

बाबा, काल तुमचा व्हिसा रद्द झाला.

इथे दुबईत, करामातल्या आपल्या नेहमीच्या व्हिसा-फॉर्मवाल्या टायपिंग सेंटरमध्ये गेले होते. काउंटरवरच्या मल्याळी बाईने मान वर न करता विचारलं, "कॅन्सलेशन? इंडिया वापस जा रहे हैं?" म्हटलं, "नहीं, गुजर गये. ससुर थे मेरे." तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, "सॉरी मॅडम," म्हणाली आणि मग समजूत घातल्यासारखं म्हणाली, "बैठो, दस मिनट. खलास हो जायेगा." बसले. खरंच झालं. तुमच्या व्हिशावर काय लिहिलेलं होतं आठवतंय? काम करण्यास परवानगी नाही. त्यावर पहिल्या दिवशी केवढे हसला होतात! "अगं, जन्मभर बिनपगारी कामं केली तेव्हा कुणी अडवलं नाही, आणि आता म्हातारपणी बंदी होय!" काल ती ओळ पुन्हा वाचली. हसू काही आलं नाही.

दमलेय हो मी. रडून नाही, रडायला अजून नीट वेळच मिळालेला नाही. फोन घेऊन घेऊन दमलेय. गावाहून फोन, पुण्याहून फोन, तुमच्या कुठल्या कुठल्या मावसभावांचे फोन, आणि सगळ्यांचं एकच, "दादांना गावी का नाही आणलं?" तुमचा महेश उचलत नाही, मग ते माझ्याकडे येतात. मी सांगते, त्यांची तशी इच्छा होती. मग पलीकडून येतं, "असं होय? तुला म्हणाले होते का?" त्या 'तुला'वर असा काही जोर असतो की मुकाट्याने फोन ठेवावा. सासऱ्याने शेवटची इच्छा सुनेला सांगावी, पोटच्या मुलाला नाही, पाठच्या भावाला नाही, हे कुणाला पटायचं? माझी सख्खी आईसुद्धा म्हणाली, "वृंदा, नक्की ना गं?"

रागावलेय मी तुमच्यावर. ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट बोलता येईल.

सासूबाई गेल्या आणि तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा खरं म्हणजे मला धास्तीच होती. गावचे माजी नगराध्यक्ष, होमगार्डचे तालुक्याचे समादेशक, खाकी कपड्यांतला तो भिंतीवरचा मिशीवाला फोटो. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हा माणूस मावायचा कसा? आलात आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे जे बाहेर पडलात ते नाश्त्याला परत. "राउंड मारून आलो," म्हणालात. सगळ्या करामाचा राउंड! कुठल्या गल्लीत कचऱ्याच्या डब्याला झाकण नाही, कुठे एसीचं पाणी फुटपाथवर गळतंय, कुठे फरशी उखडलीय, सगळं पोहे खाता खाता आम्हाला ऐकवलंत. रिया म्हणाली, "आजोबा, यू आर नॉट द मेअर हिअर." तर तुम्ही म्हणालात, "ठाऊक आहे गं बाळ. पण हे डोळ्यांना कोण सांगणार?"

मग त्या उखडलेल्या फरशीसाठी म्युनिसिपालटीला फोन लावलात. "हॅलो, मैं एक ज्येष्ठ नागरिक बोल रहा हूं." मी आणि रिया बेडरूममध्ये तोंडावर उशी दाबून हसत होतो. ते तुमचं हिंदी! पण पलीकडच्या माणसाने ऐकून घेतलं आणि दोन दिवसांत फरशी बसवून दिली. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुमचं तोंड उतरलेलं.

"आता काय झालं?"

"काही नाही. झालं काम. यांनी रागवायलासुद्धा जागा ठेवली नाही."

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि ते काही कधी संपलं नाही. मी म्हणायची, गटार तुंबत नाही, रस्ता झाडलेला असतो, नळाला पाणी आहे, आणखी काय पाहिजे माणसाला? तुम्ही म्हणायचात, काही नको, उत्तम आहे, पण शेजारच्याशी भांडून, मतं मागून, शिव्या खाऊन जो नळ येतो त्याचं पाणी वेगळं लागतं. मी म्हणायची, हो, गढूळ लागतं. मग तुम्ही हात जोडायचात. "वृंदाबाई, तुम्ही निवडणुकीला उभ्या राहा, माझं डिपॉझिट गेलं समजा." परवा इथल्या गल्लीत एसीचं पाणी गळत होतं. मी थांबले आणि कुणाला सांगावं म्हणून इकडेतिकडे बघत राहिले. मुद्दा तुमचा होता की माझा, देव जाणे. आता सोडवायचा कुणी?

आणि तो फायर अलार्म! कुणाच्या तरी किचनमध्ये मासे करपले आणि आख्खी बिल्डिंग खाली पळाली. तुम्ही पायजमा-बनियनवर, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी तुम्ही गावाहून कधी आणलीत, कुठे ठेवलीत, मला पत्ताच नव्हता. "एक लाइन! एक लाइन! बच्चे आगे!" फिलिपिनो नर्स, चौथ्या मजल्यावरचे पठाण, ते गुजराती जोडपं, सगळे रांगेत. कुणी एक चकार शब्द काढला नाही. त्या दिवसापासून वॉचमन नझीर तुम्हाला 'मेजर साब' म्हणायला लागला. दुसऱ्या कुणी मिरवलं असतं. तुम्ही त्याला थांबवून सांगितलंत, "मेजर नहीं भाई. होमगार्ड. हफ्ते में एक दिन परेड, बाकी दिन दुकान में खिळा-बिजागरी." त्याला खिळा-बिजागरी काही कळलं नाही. तो म्हणाला, "ठीक है, मेजर साब."

मला या माणसाची सवय झाली, बाबा. मला वाटलं होतं सहन करावं लागेल, आणि झाली सवय. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या आमच्या फॅक्टरीतून निघाले की दोन बस बदलून करामाला उतरायची, आणि तुम्ही त्या एसी बस स्टॉपच्या काचेमागे बसलेले दिसायचात. "बिनभाड्याचं ऑफिस" म्हणायचात त्याला. तिथे बसून तुम्ही लोकांना बसचे नंबर सांगायचात, म्हाताऱ्यांना जागा करून द्यायचात. मी उतरले की माझ्या हातातली डब्याची पिशवी घ्यायचात आणि आपण चालत घरी. घरी कुकर झालेला असायचा. नगराध्यक्षांनी आयुष्यात पहिल्यांदा कुकर लावला तो माझ्या घरी. सासूबाईंना हे दाखवायला हवं होतं, त्यांचा विश्वास बसला नसता. मी तुम्हाला कधी 'थँक्यू' म्हटलं नाही. घरातल्या माणसाला काय म्हणायचं थँक्यू, असं वाटायचं. आता वाटतं, म्हणायला काय हरकत होती?

त्याच बस स्टॉपवर ते सगळं झालं.

माझ्या कामाचं तुम्हाला माहीत होतं. एचआर म्हणजे रजा आणि पगार, असं लोकांना वाटतं. आमच्या लेबर कॅम्पात कुणी कामगार गेला, तर त्याला घरी पाठवायचे कागद मीच करते. त्या दिवशी तेलंगणातला एक माणूस गेला होता, झोपेतच. दिवसभर मी त्याच्याच मागे होते आणि त्याची आई फोनवर सारखी एकच विचारत होती, चेहरा दिसेल ना? मी बसमधून उतरले ती तुमच्या शेजारी येऊन बसलेच. घरी चला म्हणायचंही त्राण नव्हतं. तुम्ही सगळं विचारून घेतलंत. पेटी कशी असते, औषध कसलं भरतात, विमानतळावर कोण घ्यायला येतं. मी सांगत गेले. मला वाटलं, सवयीने चौकशी करताय.

मग म्हणालात, "वृंदा, मला नको हां पाठवू."

"काहीतरीच काय, बाबा."

"अगं ऐक. इथे जे काय असतं ते इथेच करा. मला गावी नेलंत ना, तर बाजार बंद करतील."

इथे बाहेरचं कुणी ऐकत असेल तर त्याला कळणार नाही. मला लगेच कळलं, कारण ती गोष्ट मी तुमच्या तोंडून शंभरदा ऐकलीय. तुम्ही तरुण होतात, होमगार्डमध्ये नवे. कुणी मोठे मंत्री वारले आणि वरून हुकूम आला, बाजार बंद. तुम्ही खाकी घालून, काठी घेऊन मच्छी मार्केटात गेलात. भागूबाई कोळीण नुकती टोपली उतरवून बसलेली. तुम्ही म्हणालात, उठा. ती म्हणाली, "साहेब, माणूस मेला तो मेला. माझी मासळी दुसऱ्यांदा कशाला मारताय?" तरी तुम्ही उठवलंत तिला, हुकूमच होता. आणि संध्याकाळी तिने ती टोपली तुमच्यासमोर खाडीत उलटी केली. हे सांगताना तुम्ही दर वेळी हाताने ती टोपली उलटी करायचात.

म्हणून नगराध्यक्ष झाल्यावर पहिला ठराव तो. कुणीही वारलं तरी बाजार बंद होणार नाही. ज्याला दुःख असेल त्याने आपलं दुकान बंद ठेवावं, दुसऱ्याचं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला काय जातंय? मग तुमच्याच पक्षाचे तालुक्याचे नेते गेले. तुम्ही आपलं दुकान बंद ठेवलंत, जाऊन खांदा दिलात, आणि परत येऊन मच्छी मार्केटच्या दारात उभे राहिलात. तुमच्याच पक्षाची पोरं बाजार बंद करायला काठ्या घेऊन आली होती. बाजार चालू राहिला. महिन्याच्या आत तुमच्यावर अविश्वास ठराव आला आणि तुमची खुर्ची गेली. दुकानाच्या शटरला कुणीतरी डांबर फासलं. तुम्ही ते रॉकेलने पुसत बसलात आणि महेश शाळेतून पोरांनी फाडलेला शर्ट घेऊन घरी आला.

तुम्हाला ती खुर्ची गेल्याचं काही वाटलं नाही. निदान तसं दाखवलं नाहीत. पण महेशला वाटलं. त्याला अजून वाटतं. सातवीतला तो पोरगा अजून तिथेच उभा आहे. ज्या गावाने आमच्या शटरला डांबर फासलं, त्या गावाने एक दिवस बाबांना खांद्यावर घ्यावं, होमगार्डच्या पोरांनी मानवंदना द्यावी, सगळं गाव रस्त्यावर यावं, एवढं एकच त्याने मनात धरलंय. लग्न झाल्यापासून ऐकतेय मी. आणि तुम्हाला ते ठाऊक होतं.

म्हणून तर मी लगेच म्हटलं, "हे मला नका सांगू. महेशला सांगा."

तुम्ही समोरच्या रस्त्याकडे बघत राहिलात. "त्याला ते हवंय गं. मी त्याच्या तोंडावर नाही कसं म्हणू?"

"मग मी म्हणू?"

"तू म्हणशील. तू कागद करतेस."

आख्ख्या गावाला नाही म्हणालात, पक्षाला नाही म्हणालात, काठीवाल्यांना नाही म्हणालात, आणि स्वतःच्या मुलाला नाही म्हणायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे बोट. वा रे समादेशक! तेव्हा मी चिडले नाही, दमले होते. आता चिडतेय. त्यानंतर मी किती मागे लागले तुमच्या. कांदा चिरता चिरता म्हणायची, चालता चालता म्हणायची, सांगितलंत का त्याला? तुम्ही म्हणायचात, "सांगतो. या शनिवारी सांगतो. इन्शाल्ला." मी म्हणायची, बाबा, इथे कुणी इन्शाल्ला म्हणालं की समजायचं काम होत नाही. तुम्ही मिशीत हसायचात. शनिवारी महेश तुम्हाला घेऊन अल ऐनला जायचा, त्या खजुरांच्या सावलीत बापलेक तास तास बसायचात, आणि घरी येऊन तुम्ही मला हळूच मान हलवून दाखवायचात. नाही जमलं.

आणि तो गुरुवार आला. राउंड मारून आलात, बूट काढायला दाराजवळच्या बाकावर बसलात आणि तसेच कलंडलात. मी पोळ्या लाटत होते. ॲम्ब्युलन्स लगेच आली. नझीरने लिफ्ट धरून ठेवली होती. हॉस्पिटलात त्यांनी खूप प्रयत्न केले, बाबा. डॉक्टर बाहेर आली तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

तिथल्याच कॉरिडॉरमध्ये महेशने अण्णाकाकांना फोन केला. तुमचा धाकटा भाऊ रडला, आणि मग कामाला लागला. थोड्या वेळाने महेशने मोबाइल माझ्यापुढे धरला. गावच्या ग्रुपवर आलं होतं. शहराचे लाडके माजी नगराध्यक्ष, पार्थिव दुबईहून येत आहे, अंत्ययात्रा, होमगार्डतर्फे मानवंदना, बाजारपेठ कडकडीत बंद. महेशचे डोळे भरून आले होते. म्हणाला, "बघ वृंदा. लाडके म्हटलंय." त्या क्षणी गप्प बसले असते तर आज हे सगळे फोन आले नसते. तुमच्या नावाने बोटं मोडली मनात, आणि बोलले.

"महेश, बाबांना गावी जायचं नव्हतं."

"काय?"

"मला म्हणाले होते. बाजार बंद करतील म्हणून."

"तुला कधी म्हणाले?"

"बस स्टॉपवर."

"बस स्टॉपवर!" असा हसला तो, की शेजारचं माणूस वळून बघायला लागलं. मग हळू आवाजात म्हणाला, "तू परक्या माणसांना पेटीत घालून त्यांच्या आईपर्यंत पोचवतेस. माझ्या बापाला का नाही?"

कॅम्पातल्या त्या आईला चेहरा बघायचा होता, तसा गावालाही तुमचा चेहरा बघायचा असेल, सगळेच काही मिरवायला येणार नव्हते. तुमचे जुने होमगार्डवाले असतील, भागूबाईची नातवंडं असतील. हे मला कळत होतं. पण तुम्ही सांगितलं होतं ते एवढंच, आणि तुम्हाला विचारायला परत जाता येत नव्हतं.

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. रियाकरवी निरोप. "डॅडी सेज, पासपोर्ट कुठे आहे?" तुमची अंघोळीची बादली, चष्मा, सगळं जिथल्या तिथे, आणि घरात तीन माणसं एकमेकांना चुकवत फिरताहेत. शनिवारी कागद करायला गेलो तेव्हा तिथल्या माणसाने विचारलं, "बॉडी इंडिया जायेगी या इधर ही?" सही मुलाची लागणार होती. महेशने पेन उघडलं, मग कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "तू सांग. मला नाही म्हणवत."

मी म्हटलं, "इधर ही."

त्याने सही केली. बाहेर आल्यावर गाडीत बसता बसता म्हणाला, "तू खोटं बोलत असशील ना वृंदा, तर बघ." काय सांगणार होते? साक्षीला काचेचा बस स्टॉप!

जेबेल अलीकडच्या स्मशानात आम्ही मूठभर माणसं होतो. महेशच्या ऑफिसातले चौघे, शेजारचं गुजराती जोडपं, माझी एक मैत्रीण. नझीर रजा घेऊन आला होता, चपला काढून भिंतीपाशी उभा होता. महेशने सगळं नीट केलं. मानवंदना कुणी दिली नाही. बिगूल नाही, हार मोजके. रिया माझ्या हाताला धरून म्हणाली, "इज दॅट इट?" आणि मला एवढं भरून आलं की तिथेच बसावंसं वाटलं. ज्या माणसाने गावभर नळ नेले त्याला निरोप द्यायला एक शाळेची बस भरेल एवढीसुद्धा माणसं नाहीत. हेच हवं होतं ना तुम्हाला? मला वाटलं होतं, तुमचं म्हणणं राखलं की बरं वाटेल. नाही वाटलं. खोटं कशाला बोलू?

सोमवारी काकूंचा फोन आला. अण्णाकाका माझ्याशी बोलत नाहीत, काकू बोलतात. त्याही आधी रीतीप्रमाणे दोन शब्द बोलल्या, दादांच्या नशिबी गावची माती नव्हती वगैरे. मी हं हं करत होते. मग न राहवून विचारलं, "काकू, बाजार बंद होता का हो?"

"बंद? छे गं. पार्थिवच नाही तर बंद कुणासाठी? ते नगरसेवक पण म्हणाले, आता राहू दे. बॅनर तेवढा लावलाय नाक्यावर. बाजार चालूच. आणि काय सांगू तुला, आजच नेमके असले फडफडीत बांगडे आलेत! आख्ख्या आळीत वास सुटलाय तळणीचा आणि आपल्याला मेलं सुतक. हे तर नाकाला रुमाल लावून बसलेत."

मला हसू फुटलं. गुरुवारपासून पहिल्यांदा. काकूंना वाटलं मी रडतेय, त्या म्हणाल्या, "उगी, उगी." मी तोंडावर हात दाबून हसत होते आणि त्यातच रडायलाही आलं, दोन्ही एकदम. बाजार चालू होता, बाबा. तुमच्या मरणाने एकसुद्धा टोपली खाडीत गेली नाही. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं, म्हणून हे सगळं बोलतेय.

महेशला मी ते सांगितलं नाही. कसं सांगणार? त्याला ते अपमानासारखं वाटलं असतं, की बघा, पेटी आली नाही तर गावाला गरजही वाटली नाही. तो संध्याकाळी घरी येतो, जेवतो, तुमच्या खोलीत जाऊन बसतो. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो आणि विचारतो, "नक्की काय म्हणाले होते?" मी पुन्हा सांगते. शब्द न् शब्द तोच, एखादा इकडचा तिकडे झाला तर तो धरेल अशी भीती वाटते. फक्त एक वाक्य मी गाळते, 'त्याच्या तोंडावर नाही कसं म्हणू' ते. ते वाक्य सांगितलं तर त्याचा विश्वास बसेल, आणि तो कोसळेल. त्याला कळेल, बापाने कुणाला ओलांडून कुणाला सांगितलं आणि का. तो विचारतो, "मला का नाही म्हणाले?" मी म्हणते, "राहून गेलं असेल." तो "हं" म्हणतो आणि निघून जातो. हे ओझं तुमचं आहे, बाबा. तुम्ही ते माझ्या पिशवीत टाकून गेलात.

आज सकाळी मी स्वयंपाकघरात भाजी फोडणीला टाकत होते. अण्णाकाकांचा फोन आला, महेशने पहिल्यांदा उचलला. स्पीकरवर होता. अस्थी कधी आणतोस, तेराव्याला कोण कोण येणार, हे झालं, आणि मग काकांचा आवाज चढला. "पण काही म्हण महेश, चूक ती चूकच. सुनेच्या सांगण्यावर जाऊन तू सख्ख्या बापाला परमुलखात..."

"काका, एक मिनिट," महेश म्हणाला.

मी गॅस बारीक केला.

"वृंदाला काही बोलू नका. बाबांनी मला सांगितलं होतं."

"तुला? अरे मग तेव्हा बोलला नाहीस तो?"

"धीर झाला नाही माझा. मलाच तुम्हा सगळ्यांचं मन मोडवत नव्हतं. ते जायच्या आधीच्या शनिवारी मी त्यांची दाढी करत होतो. गालाला साबण लावलेला, आणि तसेच म्हणाले, महेश, माझ्यासाठी गावचा बाजार बंद करू देऊ नकोस. मी म्हटलं, बरं बाबा. वस्तरा थांबवून वचन दिलंय मी त्यांना, काका. त्या बिचारीला माझ्या वचनाचं काही माहीत नव्हतं."

पलीकडे अण्णाकाकांनी नाक ओढलं. मग म्हणाले, "दादा म्हणाला असेल. दादाच असं म्हणू शकतो." त्यांचा आवाज फुटला. इकडे महेशही रडत होता, मोठ्याने, लहान मुलासारखा. तुम्ही गेल्यापासून त्याला असं रडताना मी पाहिलं नव्हतं.

महेशने आयुष्यात कधी तुमची दाढी केलेली नाही. तुम्ही तर खालच्या सलूनमध्ये जायचात. मी दारापर्यंत गेले, त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी काहीही बोलले नाही. तुम्हीही आता बोलू नका. तुम्ही त्यालाच सांगितलं होतं, बाबा.